शांताबाईंचा शुक्रवारचा डबा

मी एक जुना पितळी डबा आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी दिसायला काही देखणा नाही. पोटाला दोन पोचे आहेत, झाकण जरा तिरकं बसतं आणि कडी उचलली की मी कुरकुरतो. पण माझ्याइतका फिरलेला डबा सबंध मुलुंडात सापडायचा नाही. जिथे माझ्या माणसांना कोणी दारात उभं करत नव्हतं, अशा घरांतही मी राहून आलो आहे. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट आहे. ती सांगताना मला अजूनही हसू येतं.

माझा जन्म नगरला एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला ठोकून ठोकून गोल केलं, कल्हईवाल्याने आतून लख्ख कल्हई चढवली आणि शांताबाईंच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नासाठी विकत घेतलं. ख्रिस्ती देवळात लग्न लागलं आणि नव्या नवरीबरोबर मीही मुलुंडला आलो. तेव्हा शांताबाई मला चिंच आणि राख लावून घासायच्या. मी इतका चमकायचो की त्या माझ्यात बघून केस नीट करायच्या. मग घरात स्टीलचे डबे आले, त्यांच्यामागून प्लास्टिकचे आले. कल्हईवाला गल्लीत यायचा बंद झाला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे एक मोडका पंखा आणि नाताळच्या चांदण्या माझ्या सोबतीला होत्या. त्या चांदण्यांना निदान वर्षातून एकदा खाली यायला मिळायचं. मला तेही नव्हतं. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मला खाली आणलं ते शुक्रवारने.

दर शुक्रवारी संध्याकाळी शांताबाईंच्या हॉलमध्ये आसपासची ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमतात. गाणी होतात, बायबलमधलं वचन वाचलं जातं आणि मग छळ सोसणाऱ्यांसाठी प्रार्थना होते. जगात कुठे कोणाला प्रभूचं नाव घेतलं म्हणून तुरुंगात टाकलेलं असतं, कुठे कोणाचं घर जाळलेलं असतं. त्यांची आठवण करून सगळे डोळे मिटतात. एकदा अशीच प्रार्थना संपली आणि सगळे आमेन म्हणणार, तेवढ्यात शांताबाई म्हणाल्या, "थांबा. अर्धीच झाली. ज्याने छळलं त्याच्यासाठी कोण मागणार?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी भाऊंनी घसा खाकरला. भाऊ म्हणजे पलीकडच्या इमारतीतले निवृत्त कारकून. त्यांची प्रार्थना एकदा सुरू झाली की चहा दोनदा गरम करावा लागतो. त्यांनी दूरदेशीच्या कुठल्याशा अधिकाऱ्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. सगळ्यांना बरं वाटलं, पण शांताबाईंचं समाधान झालं नाही.

"तो अधिकारी काही आपल्याला भेटायचा नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर प्रेम करायला काय जातंय? जवळच्या माणसावर सराव करा. आपल्या वाकड्यात कोण आहे सध्या?"

सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "मुकुलराव!"

मुकुलराव तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि गाण्यांचा त्रास होतो म्हणून सोसायटीकडे तक्रारींवर तक्रारी करायचे. त्या शुक्रवारी त्यांच्या नावाने प्रार्थना झाली आणि शनिवारी सकाळी शांताबाईंनी मला माळ्यावरून काढलं, घासलं, शंकरपाळ्यांनी भरलं आणि वर पाठवलं. प्लास्टिकचा डबा का नाही पाठवला, ठाऊक आहे? प्लास्टिकचा डबा लोक ठेवून घेतात आणि विसरतात. पितळी डबा परत करावाच लागतो. आणि आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करायची पद्धत नाही. निदान चमचाभर साखर तरी घालतातच. म्हणजे मला पाठवलं की समोरच्याला पुन्हा एकदा शांताबाईंचं दार वाजवावं लागणार, हे ठरलेलं. म्हातारी भारी बेरकी!

मुकुलरावांकडून मी पहिल्यांदा साखर घेऊन आलो, मग आंबोळ्या घेऊन आलो. आता गाणी सुरू व्हायला उशीर झाला तर मुकुलराव वरून विचारतात, "काय, आज सुट्टी आहे का?"

अशी माझी नोकरी सुरू झाली. शुक्रवारी नाव घ्यायचं आणि शनिवारी डबा न्यायचा. मला नेण्याचं काम शांताबाईंच्या सुनेकडे, माधुरीकडे आलं, कारण शांताबाईंचे गुडघे जिन्याला नको म्हणत होते. माधुरी नर्स आहे. हाताने मऊ आणि जिभेने तिखट. रिक्षावाला, भाजीवाला, डॉक्टर, तिच्या तोंडाला सगळे टरकून असतात. मला नेताना ती वाटभर पुटपुटायची, पण न्यायची. एके दिवशी मात्र तिने मला हात लावायला साफ नकार दिला.

झालं असं, की तिचा धाकटा भाऊ कुंडलिक हाताला प्लास्टर घालून मुलुंडला आला. घाटावरच्या एका लहान गावात तो पाळक, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती मंडळींचा धर्मगुरू आहे. पत्र्याचं छोटंसं प्रार्थनाघर, मोजकी माणसं आणि एक जुनी बाजाची पेटी, एवढाच त्याचा संसार. गावात कोणीतरी उठवलं की हा पोरांना फूस लावतो आणि उद्या गावची जत्रा बंद पाडणार. त्यात काडीचंही खरं नव्हतं. पण एका रविवारी घोळका आला, दार फोडलं, पेटी फेकली आणि कुंडलिकचा हात मोडला. माणसं घाबरून उपासनेला यायची थांबली. कुंडलिकने पोलिसांत तक्रार दिली आणि बहिणीकडे आला. परत जायचं की नाही, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. सारखा खिडकीशी बसायचा. इतक्या गोड गळ्याचा मुलगा, पण गाण्याची एक ओळ त्याच्या तोंडून निघत नव्हती.

त्या शुक्रवारी सगळ्यांनी त्याच्यासाठी रडत प्रार्थना केली. मी टीपॉयवर होतो. आमेनच्या आधी शांताबाईंनी हळूच विचारलं, "पुढे कोण होता रे?"

"राजाराम," कुंडलिक म्हणाला. "गिरणीवाला राजाराम."

"आई, प्लीज हं!" माधुरी उसळली. "ते मुकुलराव वेगळे. हा माणूस आहे का? हात मोडलाय त्याने माझ्या भावाचा!"

"तक्रार केलीस ना पोरा? छान केलंस. ती मागे घ्यायची नाही," शांताबाई म्हणाल्या. "पण शुक्रवार शुक्रवारच्या ठिकाणी."

राजारामचं नाव घेऊन प्रार्थना झाली. त्याचं मन वळू दे, त्याचं भलं होऊ दे, असं एकेकाने मागितलं. कुंडलिकनेही अडखळत मागितलं. माधुरी मात्र ओठ घट्ट मिटून बसली होती. एवढ्यात कुंडलिकच म्हणाला, "त्याची आई इथेच आहे, घाटकोपरला. थोरल्याकडे, सीतारामकडे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलीय. तिला हे काही माहीत नसेल."

शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, आता आपली वरात निघणार!

शनिवारी माधुरी मला हात लावेना.  शांताबाईंनी मऊ खिचडी केली, वर तुपाची धार सोडली, मला भरलं, चपला घातल्या आणि ते गुडघे घेऊन जिना उतरायला लागल्या. पहिल्याच वळणावर माधुरीने मला त्यांच्या हातातून हिसकावलं. "द्या इकडे. नाटक पुरे. दारात ठेवते आणि येते, एक शब्द बोलणार नाही!"

बसमध्ये ती मला मांडीवर इतकं घट्ट धरून बसली होती की माझ्या पोटाला तिसरा पोचा पडायची वेळ आली. घाटकोपरला दार उघडलं ते एका वाळक्या म्हातारीने. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर पदर. मुलगा आणि सून कामाला गेलेली, घरात ती एकटीच होती.

"कोण गं? आत ये की. दारात का हुबी?"

आता आजारी माणसाला बघून माधुरीतली नर्स गप्प बसेल का? डोळ्यात थेंब टाकले का, कधी टाकले, चोळला तर नाही ना, अशी सगळी चौकशी करतच ती आत गेली. औषध टाकलेलं नव्हतं. तिने हात धुऊन थेंब टाकले, ताटली शोधली, खिचडी वाढली. म्हातारीने चार घास खाल्ले आणि तोंड भरून म्हणाली, "गोड हाय गं. मीठ थोडं कमी. तू कुणाची?"

एवढा वेळ दाबून ठेवलेलं माधुरीच्या तोंडून निघून गेलं. "तुमच्या राजारामने ज्याचा हात मोडला ना, त्या कुंडलिकची बहीण."

म्हातारीचा हात ताटातच थांबला. तिला खरोखरच काही माहीत नव्हतं. "पेटीवाला कुंडलिक?" तिने विचारलं आणि ताटली बाजूला सारली. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं, तशी माधुरी घाबरली. "अहो, रडू नका, टाके आहेत! मी उगाच बोलले. खा तुम्ही, गार होतंय." तिने रुमालाने अलगद गाल टिपले आणि उरलेली खिचडी स्वतःच्या हाताने भरवली.

"मंग हे का आणलंस?" म्हातारीने विचारलं.

"माझ्या सासूला विचारा. काल आमच्याकडे तुमच्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना केली, आता दर शुक्रवारी करणार. त्याचं भलं व्हावं म्हणून." मग माधुरी खरं तेच म्हणाली, "मी नाही करत."

निघताना तिने मला उचलायला हात पुढे केला, तर म्हातारीने माझी कडी धरून ठेवली.

"ह्यो आज न्यायचा न्हाई. रिकामा डबा मी जन्मात कुणाला दिला न्हाई. आन ह्यात काय घालायचं, ते माझ्या हातचं न्हाई. ज्यानं घालायचं त्यानंच घालावं."

म्हातारीने माधुरीकडून मुलुंडचा पत्ता लिहून घेतला आणि अशा रीतीने मी घाटकोपरला राहिलो. मुलुंडमध्ये माधुरीने घरात पाय टाकताच जाहीर केलं म्हणे, "आई, तुमच्या डब्याची वाट लागली!" त्यावर शांताबाई खूश होऊन हसल्या म्हणे. हे मला मागाहून कळलं.

काळा चष्मा सुटला आणि म्हातारी मला घेऊन गावी गेली. पहिल्याच रात्री तिने मला राजारामच्या ताटाशेजारी ठेवलं.

राजाराम आडदांड गडी होता. भुवयांपर्यंत पीठ उडालेलं. तो म्हणाला, "हे काय?"

"मुलुंडचा डबा. कुंडलिकच्या बहिणीनं मला ह्यातनं खिचडी भरवली."

त्याचा घास हातातच राहिला. मग तो ओरडला, "मी एकटा होतो का? सगळे होते!"

"त्या सगळ्यांची आई मी न्हाई," म्हातारी म्हणाली आणि भाकरी वाढून आत गेली.

पुढे रोज तेच. तो जेवायला बसला की मी शेजारी. त्याने मला फळीवर ठेवलं, म्हातारीने काढलं. त्याने गोणीमागे लपवलं, म्हातारीने शोधलं. एकदा त्याने वैतागून दुकानातला गूळ आणून माझ्यात कोंबला. "घे! भरला! पाठव!" म्हातारीने तो ओतून टाकला. "त्या बायांनी हातानं रांधलं होतं. तू इकत आणून वाटेला लावतोस व्हय?" मित्रांनो, मी दोघांच्या मध्ये बसून ही जुगलबंदी ऐकायचो. पोटात काही नसतानाही मला गुदगुल्या व्हायच्या.

पण राजारामला खरी टोचणी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. एकदा म्हातारी सहज बोलून गेली की मुलुंडला दर शुक्रवारी तुझं नाव घेतात. तो दचकला. "माझं नाव? कशाला? शाप देत असतील."

"तुझं भलं व्हावं म्हणून."

हे त्याच्या पचनी पडेना. पोलीस येऊन गेले तेव्हाही तो एवढा अस्वस्थ झाला नव्हता. गिरणी चालवता चालवता मध्येच थांबायचा. शुक्रवार आला की उगीच दारात येरझारा घालायचा. एकदा मी ऐकलं, तो स्वतःशीच म्हणत होता, "आता घेत असतील काय नाव?" आणि त्याने मुकाट्याने मला उचललं, चिंच आणि राख लावून खसाखसा घासलं. बाईमाणसासारखं हलक्या हाताने नव्हे, चांगलं गिरणीवाल्यासारखं. माझा पत्रा निघायची पाळी आली, पण इतक्या वर्षांनी कोणी मला असं घासलं होतं. मी चमकलो. मग त्याने चुलीवर कढई ठेवली, स्वतःच्या गिरणीचं पीठ भाजायला घेतलं, जाळलं, पुन्हा भाजलं आणि लाडू वळले. म्हातारी उंबऱ्यात बसून बघत होती. एकदाही उठून मदतीला गेली नाही.

शुक्रवारी आम्ही दोघे एसटीने मुंबईला निघालो.

मुलुंडला पोचलो तेव्हा प्रार्थना सुरू झाली होती. दार उघडंच होतं. बाहेर चपलांचा ढीग, आत सगळ्यांचे डोळे मिटलेले. राजाराम त्या चपलांच्या मध्येच थांबला. त्याने मला पोटाशी घट्ट धरलं. आतून माधुरीचा आवाज येत होता. ती पहिल्यांदाच राजारामसाठी प्रार्थना करत होती.

"प्रभू, तुझ्याशी खोटं बोलून उपयोग नाही. मला हा माणूस अजिबात आवडत नाही. त्याचं नाव घेतलं की डोकं फिरतं माझं. पण त्याची म्हातारी गोड आहे. तिचा डोळा नीट कर. त्याच्या गिरणीला बरकत दे. त्याला रात्रीची शांत झोप लागू दे. आणि तो मला कधी भेटला तर माझ्या तोंडातून वाईट शब्द काढू देऊ नकोस. कारण तो निघणार आहे, तुलाही माहीत आहे ते."

मंडळी खुदकन हसली. भाऊ जोरात म्हणाले, "आमेन!"

डोळे उघडून माधुरी वळली, तर दारात एक पिठूळ केसांचा अनोळखी गडी. तिने राजारामला आजवर पाहिलं कुठे होतं? ती लगेच पुढे झाली. "अहो, बाहेर का उभे? या ना आत. लांबून आलात का? बसा, चहा आणते."

राजारामने मला पुढे केलं. खिडकीशी बसलेला कुंडलिक हळूहळू उभा राहिला. तेव्हा माधुरीची नजर खाली गेली आणि तिला मी दिसलो.

मित्रांनो, सगळा हॉल श्वास रोखून माधुरीच्या तोंडाकडे बघत होता. तिने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. वाईट शब्द तर सोडाच, बरा शब्दही सापडेना. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी ती म्हणाली, "साखर किती?"

"दोन चमचे," राजाराम म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

मग तो कुंडलिकसमोर गेला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "पोलिसांना सगळं सांगून आलोय, माझ्या नावासकट. जे होईल ते सोसीन. दाराला नवी फळी लावलीय. पेटीचा भाता फाटलाय, तो मला जमला न्हाई." कुंडलिकने धडधाकट हाताने त्याचा खांदा धरला. 

माझ्यातले लाडू सगळ्यांना वाटले गेले. इतके कडक लाडू मी माझ्या पोटात कधी बाळगले नव्हते. भाऊंनी कवळी काढून खिशात ठेवली आणि लाडू चहात बुडवला. शांताबाईंनी डोळे पुसत पुसत एक आख्खा लाडू चघळला आणि "छान झालेत" म्हणून धडधडीत खोटं बोलल्या. प्रभू त्यांना नक्की क्षमा करील.

"गावात अजून काही जण तापलेले आहेत," निघताना राजाराम म्हणाला. "पण तू चल. एसटीतून माझ्या शेजारी उतर. प्रार्थनाघरापर्यंत मी बरोबर चालतो. मग बघू कोण काय म्हणतं." कुंडलिकने बॅग भरायला घेतली. भरता भरता तो काहीतरी गुणगुणत होता. माधुरी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ते ऐकत राहिली. दूध उतू गेलं, तरी तिला कळलं नाही.

रविवारी दुपारी कुंडलिकचा फोन आला. माधुरीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. उपासना झाली होती. माणसं थोडी होती, पण गाणी मोठ्याने झाली. आणि राजाराम?

"तो आत नाही आला, ताई. बाहेर पायरीवर बसला होता. शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत हलला नाही."

"उन्हात?" माधुरी फोनवर केवढ्यांदा ओरडली. "अरे, सावलीत तरी बसवायचंस त्याला! पाणी दिलंस का? आणि सकाळपासून काही खाल्लं होतं का त्याने?"

शांताबाई पदराआड हसत होत्या.

तर मित्रांनो, माझ्यासारखे जुने डबे तुमच्याही घरात माळ्यावर पडले असतील. त्यांना खाली काढा, घासा आणि कोणाकडे तरी पाठवा. आणि एखादं नाव तुमच्या ओठावर येत नसेल, तर देवापुढे ते एकदा घेऊन बघा. गोड आवाजात घ्यायला हवं असं काही नाही. माधुरीने घेतलं, तसं कुरकुरत घेतलं तरी चालेल.